एक कोंबडी गेली, दुसरी सुस्त आहे... कुठपर्यंत धावपळ करायची?

परसातली

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्याकडे चार कोंबड्या होत्या, आता तीन आहेत. ठमी गेल्या आठवड्यात गेली. चौघींत सगळ्यात आगाऊ तीच, दार उघडलं की पहिली बाहेर, आणि खायला द्यायला उशीर झाला की चपलेवर टोच मारणारी. आधी नुसती कोपऱ्यात उभी राहायला लागली, पिसं फुगवलेली, शेपूट खाली, डोळे अर्धवट मिटलेले. खाण्यापाशी यायची, एक दाणा उचलायची आणि टाकून द्यायची, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं की खातेय. पोट हाताला पाण्याच्या फुग्यासारखं लागत होतं. एका डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले आम्ही कुत्री-मांजरी बघतो, आणि वर हसून, अहो दुसरी आणा की. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यातच गेलेली होती.

आता चंपीचं काहीतरी चाललंय. ती एकदम ताठ उभी राहतेय, पेंग्विन उभा राहतो ना तशी, शेपटी वरखाली करत कुंथते, अंडं घालायच्या खोक्यात जाऊन बसते आणि तशीच परत येते. तुरा फिका दिसतोय. दोघींना एकच आजार असेल का? उरलेल्या दोघींना पण होणार का? आणि खरं विचारायचंय ते हे की कोंबडीसाठी कुठपर्यंत धावायचं असतं? घरात सगळ्यांचं एकच, कोंबडीच तर आहे. मुलगा सहा वर्षांचा आहे, तो रोज विचारतो ठमी कुठे गेली, त्याला अजून नीट सांगितलेलं नाही. ठमी गेल्यापासून बाकीच्या पण गप्प गप्प आहेत, का मलाच तसं वाटतंय काय माहीत. ज्यांनी हे सगळं बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

---

जुनी_खुडूक

परसातली ताई, बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी चंपीकडे जा. तुम्ही लिहिलंय ते अंडं अडकल्यासारखं वाटतंय, आणि तसं असेल तर कोंबडी एक-दोन दिवसांत हातची जाते, त्यामुळे सकाळी बघू असं म्हणू नका.

हातात ग्लोव्हज घाला, बोटाला व्हॅसलीन लावा आणि कोणाला तरी तिला धरायला सांगा. धरताना छाती आवळायची नाही हं, कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, तिची छाती हलायची थांबली की श्वासच थांबतो. पंख मिटवून खालून आधार द्यायचा. मग मागच्या जागेतून बोट अगदी सावकाश सरळ आत, इंच दोन इंचांवर अंडं असेल तर लागतं, कडक लागतं, शंका राहत नाही. (पातळ कवचाचं असेल तर मात्र मऊ पिशवीसारखं लागतं, ते चटकन कळत नाही.) लागलं तरी ओढायचं नाही, बाहेरून दाबायचं तर मुळीच नाही. आत फुटलं की कवचाचे तुकडे आतून कापतात.

टबात कोमट पाणी घ्या, पोट आणि मागची बाजू बुडेल इतकंच, आणि पंधरा-वीस मिनिटं बसवा. सुरुवातीला फडफड करते मग बसते, माझी एक तर टबात डुलक्या काढायची. नंतर टॉवेलनं आणि ड्रायरनं पूर्ण कोरडी करा, ओली ठेवलीत तर थंडीनंच जाईल. मग उबदार, अंधारी, शांत जागा. अंडं ढकलणाऱ्या स्नायूंना कॅल्शियम लागतं, म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा ते देतात, तुम्हाला डॉक्टर मिळाले तर डोस विचारून लगेच द्या. दोन-तीन वेळा शेक देऊनही अंडं आलं नाही किंवा ती चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली तर घरी प्रयोग करत बसू नका.

अंडं नाहीच लागलं तर गळ्याखालची पिशवी बघा, क्रॉप म्हणतात ती. रात्री खाणं काढून घ्या आणि उजाडल्या उजाडल्या, तिनं काही खायच्या आत हात लावून बघा. तेव्हा ती रिकामी असायला हवी. दगडासारखी कडक असेल तर अडकलंय, पचपचीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत बुरशी वाढलीय. काही लोक उलटी धरून ते ओकवायला सांगतात, ते करू नका, श्वासनलिकेत गेलं की संपलं.

पाणी पाजतानाही तेच. ड्रॉपर घशात घालायचा नाही, जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं भोक असतं. चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती स्वतः आत घेते.

---

लसवाला

जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, डॉक्टर नाही, पण कोंबड्या रोज हातात असतात.

खुडूक ताईंचं सगळं बरोबर आहे. ठमीचं तुम्ही सांगितलेलं पोट मात्र वेगळी गोष्ट वाटते. अंडाशयातून बलक सुटला की अंडनलिकेचं नरसाळं तो झेलतं, पुढे त्यावर पांढरं चढतं, मग कवच, हा सगळा प्रवास साधारण एक दिवसाचा, त्यातले वीसेक तास तर नुसत्या कवचाला लागतात. कधी कधी नरसाळ्याचा नेम चुकतो आणि बलक पोटात पडतो. एखादा पडला तर शरीर जिरवून टाकतं. वारंवार पडायला लागले आणि त्यात ई. कोलायसारखे जंतू घुसले की पोटात सूज येते, पाणी भरतं. याला एग पेरिटोनायटिस म्हणतात. अर्थात फुगलेलं पोट म्हणजे दर वेळी हेच असं नाही, यकृताचा त्रास असतो, गाठी असतात, हृदयाचं असतं. अंडाशयाचा कॅन्सर तर कोंबड्यांना आपोआप इतका होतो की माणसातल्या त्या कॅन्सरच्या अभ्यासासाठी कोंबड्याच वापरतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हा एकीकडून दुसरीला पसरणारा प्रकार दिसत नाही, ठमीकडून चंपीला 'लागलेला' नाही. पण दोघी एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या असतील तर दोघींची यंत्रणा एकाच सुमारास थकू शकते. कोंबडीची मूळ रानटी जात वर्षाला फार तर डझन-दीड डझन अंडी घालते. आपण ज्या संकरित आणतो त्या वर्षाला ३०० घालतात. ते शरीर त्यासाठीच बनवलंय आणि दोन-तीन वर्षांनी त्याची किंमत वसूल होते. तुम्ही काय खायला घातलंत, कधी बघितलंत याचा त्यात फार कमी हात असतो. त्यातून कोंबडी आजार लपवते. कळपात जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचतात आणि शिकारी तिलाच उचलतो, म्हणून ती शेवटपर्यंत खायचं नाटक करते. तुम्ही जे 'दाणा उचलून टाकते' लिहिलंय ना, अगदी तेच. आपल्याला दिसतं तेव्हा आजार जुना झालेला असतो.

आणखी एक. घरात पडलेल्या माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून देऊ नका. आजार कुठला हे माहीत नसताना दिलेलं औषध लागू पडत नाहीच, वर अंड्यात उतरतं. आणि बऱ्याच देशांत कोंबडी तुम्ही लाडानं पाळली तरी कायद्यानं ती खाण्याचाच प्राणी असते, काही औषधं तिला देताच येत नाहीत. डॉक्टरांनी दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते लिहूनच घ्या.

आणि घाबरण्यासारखं केव्हा? एकदम दोन-तीन मेल्या, तोंडं सुजली, तुरे निळेजांभळे झाले, माना वाकड्या व्हायला लागल्या, हिरवी हगवण, तेव्हा. मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लू. तेव्हा मेलेलीला उघड्या हातानं उचलायचं नाही, कापून बघायचं नाही, कोणाला द्यायची नाही, सरळ सरकारी पशुवैद्यकांना कळवायचं. १९९७ मध्ये हाँगकाँगला बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू माणसांत आला तेव्हा १८ जणांना झाला आणि ६ दगावले, त्यामुळे ही फॉर्मॅलिटी नाहीये.

---

परसातली

खूप खूप आभार दोघांचे. लगेच बघितलं. बोटाला काहीतरी मऊ लागलं, पिशवीसारखं, तुम्ही लिहिलं नसतंत तर काही कळलं नसतं. दोनदा टबात बसवली, नवऱ्याने धरली (तोच, कोंबडीच तर आहे म्हणणारा) आणि रात्री उशिरा तिनं कवच नसलेलं अंडं टाकलं, नुसतं पातळ पापुद्र्यात बलक. आत्ता भुशात बसलीय, पाणी प्यायली. ठमीला पुरून टाकलं त्यामुळे तिला काय झालं होतं ते आता कळायचं नाही.

बाकीच्या प्रश्नांचं पण लिहा ना कोणीतरी.

---

रांगडा_कोंबडा

चंपी सुटली बरं झालं. पण बिनकवचाचं अंडं पुन्हा येईल ही तयारी ठेवा. शिंपले किंवा अंड्याची भाजलेली कवचं बारीक करून वेगळ्या भांड्यात ठेवा, खाण्यात मिसळू नका, जिला हवं ती खाईल. आणि रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा, बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूला आणि फटींत बघा. लाल माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. फिका तुरा म्हटल्यावर मला आधी तेच आठवतं. पांढरा कागद दांडीवर घासला आणि लाल रेघ उठली की समजायचं.

आता कुठपर्यंत धावायचं. माझ्याकडे पक्षी बरेच आहेत, दरवर्षी काही ना काही मरतूक होतेच, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला कठोर वाटेल. हा निर्णय कोंबडी आजारी पडल्यावर घ्यायचा नसतो, धडधाकट असताना घेऊन ठेवायचा. घरात बसून ठरवायचं की डॉक्टर कुठले, किती खर्च करणार, किती दिवस सोसणार आणि शेवट कोण करणार. आजारी पक्षी समोर असताना माणूस फक्त स्वतःची समजूत काढत असतो. मी असे लोक बघितलेत की कोंबडी दोन आठवडे आडवी, नळीनं भरवतायत, आणि म्हणतात आज जरा डोळे उघडले. अहो तिला काय विचारलंत का?

माझी खूण सोपी आहे. स्वतःहून खात नाही, पायावर उभी राहत नाही, आणि बाकीच्या समोर आल्या तरी मान वर करून बघत नाही. तिन्ही एकत्र आलं की मी थांबतो. शेवट डॉक्टरांच्या इंजेक्शननं करावा. मान मोडायची पद्धत आहे, नीट केली तर क्षणात होते, पण शिकलेल्या माणसाचं काम आहे ते, व्हिडिओ बघून पहिल्यांदा आपल्या लाडक्या कोंबडीवर करून बघू नका. फ्रीजरमध्ये जिवंत ठेवायची, पाण्यात बुडवायची असलं कुठे वाचलंत तर सोडून द्या, ते हाल आहेत.

---

तुरेदार

रांगडा दादा, सगळं पटलं पण 'दोन आठवडे नळीनं भरवतायत' यावर नाही. माझी एक पिशवी अडकलेली कोंबडी नळीनं भरवूनच वाचली आणि नंतर कित्येक महिने छान हिंडली. आजार कुठला ते कळलेलं असेल आणि तो बरा होणारा असेल तर नळी म्हणजे औषधच आहे. नळी डॉक्टरांकडून शिकून घेतली होती एवढं मात्र खरं.

---

रांगडा_कोंबडा

मान्य. आजार माहीत असेल तर वेगळं. मी आजार माहीत नसताना नुसतं लांबवत राहणाऱ्यांबद्दल बोलत होतो.

---

दोन_पोरांची_आई

मुलाबद्दल लिहिते कारण आमच्याकडे हे दोनदा झालंय. एक तर 'ठमी झोपलीय' किंवा 'फिरायला गेलीय' सांगू नका. झोपलीय सांगितलं की मूल रात्री स्वतः झोपायला घाबरतं, फिरायला गेलीय सांगितलं की रोज वाट बघतं, आणि तुम्ही लिहिलंय तो रोज विचारतो म्हणजे त्याला काहीतरी लागलंय आधीच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं. सरळ सांगा, ठमी मेली, तिचं शरीर बंद पडलं, तिला आता दुखत नाही, ती परत येणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. मग तो भलतेच प्रश्न विचारेल, म्हणजे आता तिला मुंग्या खातायत का, आपण तिला खाल्लं का, तू पण मरशील का, आणि ते सगळे प्रश्न जेवताना पाहुण्यांसमोर विचारेल. उत्तर द्या. माझा धाकटा ऐकून घेऊन पाच मिनिटांत सायकल खेळायला गेला आणि मलाच वाईट वाटलं की याला काहीच कसं वाटलं नाही, पण मग रात्री त्यानं विचारलं की आता तिच्या जागेवर दांडीवर कोण बसतं.

चंपीच्या सेवेत त्याला घ्यायचं असेल तर पाणी बदलणं, भुसा टाकणं अशी कामं द्या, आजारी कोंबडीला तोंडाशी धरणं, पापे घेणं नको. धडधाकट दिसणारी कोंबडी सुद्धा साल्मोनेलाचे जंतू बाळगून असू शकते आणि पाच वर्षांखालच्या पोरांना तर त्यांचा जास्त त्रास होतो. साबणानं हात, प्रत्येक वेळी.

आणि लोकांचं हसणं... माझ्या सासूबाईंनी पण हसून घेतलं होतं. मी एवढंच म्हटलं की आई, रोज सकाळी जिला पहिल्यांदा बघते ती दिसत नाही म्हणून वाईट वाटतं. त्यानंतर काही बोलल्या नाहीत. ज्यांना समजवून सांगावं लागतं त्यांच्याशी वाद घालू नका, त्यात अजून दमायला होतं. ज्याला कळतं अशा एकाला फोन करा आणि रडून घ्या.

---

तुरेदार

बाकीच्या गप्प आहेत त्याबद्दल. तुम्हाला वाटतंय ते खरं असणार. कोंबड्यांत कोण वर कोण खाली हे पक्कं ठरलेलं असतं, नॉर्वेचा थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाचा माणूस लहानपणापासून आपल्या कोंबड्या बघत बसायचा, त्यानंच १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पहिल्यांदा मांडलं, कोण कोणाला टोचतं त्याचा क्रम. ठमी वरची होती ना तुमच्या वर्णनावरून? मग वरची जागा रिकामी झालीय आणि काही दिवस उरलेल्यांना कळत नाही की आधी खायचं कोणी, वरच्या दांडीवर बसायचं कोणी. काही गप्प होतात, काही उगाच भांडतात, एखादी हाका मारत फिरते. याला दुःख म्हणायचं का ते मला सांगता येणार नाही. २०११ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी आई कोंबडीसमोर तिच्या पिल्लांवर हवेचा हलका झोत मारला तर आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती सावध झाली, पिल्लांना हाका मारायला लागली. म्हणजे दुसऱ्याच्या त्रासाची दखल घेण्याची काही एक सोय तिच्यात आहे, निदान पिल्लांच्या बाबतीत. त्यापुढे मी जात नाही.

प्रॅक्टिकल गोष्ट एवढीच की चंपीला एकटीला घरात आणून फार दिवस ठेवू नका. पिंजरा खुराड्याला लागून ठेवा, जाळीतून एकमेकींना दिसल्या पाहिजेत. पूर्ण नजरेआड गेलेली परत आली की बाकीच्या तिला परकी समजून झोडपतात.

---

परसातली

बऱ्याच दिवसांनी येतेय. चंपीचं मध्ये छान चाललं होतं, मातीत लोळत होती, ऊन खात होती, मग हळूहळू पोट फुगायला लागलं. यावेळी पक्षी बघणाऱ्या डॉक्टर शोधून ठेवल्या होत्या (रांगडा दादांच्या सांगण्यावरून घरात बसून ठरवलं होतं सगळं, नवरा पण होता, किती खर्च, किती दिवस, सगळं). त्यांनी पोटातलं पाणी सुईनं काढलं, पिवळट गढूळ निघालं, तिला श्वासाला लगेच आराम पडला. अंडी बंद करणाऱ्या हार्मोनच्या इम्प्लांटबद्दल पण सांगितलं, डेस्लोरेलिन म्हणतात बहुतेक, पण म्हणाल्या ते सगळीकडे मिळत नाही आणि पोटात इतकं झाल्यावर त्याचा किती उपयोग होईल याची खात्री देता येणार नाही. काही दिवसांत पोट पुन्हा भरलं. मग एका दुपारी ती दाण्याकडे आलीच नाही, उरलेल्यांतली काळी तिच्या अगदी जवळून गेली तरी तिनं मान उचलली नाही. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो आणि इंजेक्शन दिलं. माझ्या मांडीवरच होती. आधी गुंगीचं दिलं, मग दुसरं. फार पटकन झालं.

डॉक्टरांना उघडून बघायला सांगितलं. बलकच होता पोटात, शिजवलेल्या बलकासारखे पिवळे गोळे, आतड्यांना चिकटलेले. संसर्गाचं काही नाही, बाकीच्या दोघी ठीक आहेत. हे कळल्यानं बरं वाटलं असं म्हणू का नको कळत नाही, पण रात्री झोप लागली.

मुलाला सांगितलं सरळ. त्यानं विचारलं इंजेक्शन दुखतं का, तेवढंच.

आता दोघीच उरल्यात, काळी आणि बाई. दोघी पुरतात का? अजून आणायच्या का? घरात सगळे आता आणूया म्हणतायत आणि मलाच नको वाटतंय.

---

लसवाला

उघडून बघायला सांगितलंत ते फार चांगलं केलंत, बहुतेक लोक ते टाळतात. बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो, मेलेली कोंबडी तपासायला द्यायची असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, बर्फ झालं की आतले अवयव बघण्यासारखे राहत नाहीत. पिशवीत पिशवी, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, आणि होईल तितक्या लवकर पोचवा. आणि इंजेक्शन देऊन गेलेली असेल तर ते औषध शरीरात राहतं, म्हणून कुत्र्या-मांजरांनी किंवा कावळ्यांनी उकरू नये इतकं खोल पुरा, विहिरीपासून लांब. काही देशांत घरच्या आवारात पुरायलाच परवानगी नसते, तेव्हा आधी विचारून घ्या.

---

जुनी_खुडूक

ताई, वाचून डोळे भरले हो. चंपी तुमच्याकडे होती म्हणून तिला निदान मधले ते उन्हातले दिवस मिळाले.

नवीन आणायच्या का, तर मन नसेल तर आज नका आणू. दोघी एकमेकींना पुरतात. पण त्यातली एक गेली की उरलेली एकटी पडते आणि एकटी कोंबडी खरंच खंगते, कळपाचाच प्राणी आहे तो. त्यामुळे कधी ना कधी हा प्रश्न येणारच, तो फार लांबवू नका एवढंच. आणि ठमी-चंपीच्या बदल्यात म्हणून आणू नका, तसल्याच रंगाच्या तर आणूच नका, मी आणल्या होत्या आणि रोज चुकीच्या नावानं हाक जायची.

अंडी कमी चालणार असतील तर जास्त अंड्यांच्या संकरित ऐवजी गावठी किंवा कमी घालणाऱ्या जातीच्या घ्या. त्यांना पोटाचे हे त्रास होतच नाहीत असं नाही, पण कमी होतात. खुडूक बसतात मध्येच, तेव्हा वैताग येतो, पण तेवढे दिवस अंडनलिकेला सुट्टी.

---

परसातली

गावठी चालतील. कशा आणायच्या, म्हणजे सरळ आत सोडायच्या का?

---

रांगडा_कोंबडा

सरळ आत अजिबात नाही. दोन तलंगा (तरुण कोंबड्या) एकत्र घ्या, एकटी नको, एकटीचा जीव घेतील. महिनाभर वेगळ्या जागी, वेगळी भांडी, आणि आधी जुन्यांचं काम करून मग नव्यांकडे जायचं, उलट नाही. शिंका, डोळ्यात फेस, हगवण, काही असेल तर ते या महिन्यात दिसतं. घेताना मारेकची लस पहिल्या दिवशी टोचलीय का ते विचारा. १९०७ मध्ये मारेक नावाच्या हंगेरीच्या पशुवैद्यानं ओळखलेला रोग आहे, एक पाय पुढे एक मागे टाकून कोंबडी लुळी पडते, त्यावर औषध नाही. लस गाठी होऊ देत नाही, पण विषाणू अंगात शिरायचा थांबत नाही, आणि पिसांच्या कोंड्यातून तो खुराड्याच्या धुळीत महिनोन् महिने राहतो. तेव्हा लस नसलेली पिल्लं जुन्यांच्या जागेत घालू नका.

मग आठवडाभर जाळीच्या आड शेजारी ठेवा, तुरेदारनं वर सांगितलंय तसं. एकत्र करताना काळोख पडल्यावर दांडीवर नेऊन बसवा. सकाळी मारामारी होईलच, ती होऊ द्या, रक्त निघालं तरच मध्ये पडा. रक्त दिसलं की मात्र लगेच वेगळी करा, लाल दिसलं की बाकीच्या पण तिथेच टोचत सुटतात. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठेवा आणि एकमेकांपासून लांब, नाहीतर काळी एका भांड्यावर बसून राहील आणि नव्या उपाशी.